न्हाणीघरातील बादली आणि मेलबर्नच्या बागा

ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागातील व्हिक्टोरिया राज्यात सन १९७७ पासून मोटारींच्या क्रमांकाच्या पाटीवर 'उद्यानांचे राज्य' अशा अर्थाचे बिरुद इंग्रजीत झळकत असे. १९९४ साली ते बदलण्यात आले. या राज्याची राजधानी मेलबर्न. घरापुढे हिरवळ, मागील अंगणात लिंबाचे झाड आणि दुसऱ्या महायुद्धानंतर इटली व ग्रीसमधून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांच्या परसात टोमॅटोचे वाफे, असे या नगरीचे चित्र होते. २००७ साल उजाडले तेव्हा याच नगरीत हिरवळीला नळाचे पाणी घालणे दंडास पात्र झालेले होते. त्या काळात तेथील गृहस्थ व गृहिणी न्हाणीघरातील वापरलेले पाणी बादलीने उचलून बागेत नेऊ लागल्या. ही घटना वरवर साधी वाटते. परंतु तिच्यामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

सोन्याच्या खाणींमुळे १८८० च्या दशकात मेलबर्न हे जगातील अत्यंत धनाढ्य शहरांपैकी एक झाले होते. मात्र तेथे भुयारी गटारे नव्हती. स्वयंपाकघराचे व न्हाणीचे सांडपाणी रस्त्याच्या कडेच्या उघड्या नाल्यांतून वाहत असे. विषमज्वराने माणसे दगावत आणि परगावचे लोक या वैभवशाली शहराला दुर्गंधीवरून चिडवीत. अखेर १८९१ साली पाणीपुरवठा व मलनिस्सारण यांसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले आणि १८९७ पासून घरे भुयारी गटारांना जोडली जाऊ लागली. शहराचे सारे मैलापाणी वेरिबी येथील विस्तीर्ण शेतावर नेऊन कुरणांना दिले जाई व त्यावर गुरे आणि मेंढ्या पोसल्या जात. म्हणजे पाण्याचा पुनर्वापर त्या नगरीस अगदीच अपरिचित होता असे नाही. तो शहरापासून दूर, नजरेआड होत असे. घरापुरता नियम एकच राहिला : वापरलेले पाणी गटारात गेले पाहिजे. या शिस्तीने अनेकांचे प्राण वाचवले, तिचे मोल कमी लेखता येणार नाही. परंतु तीन-चार पिढ्यांच्या मनात वापरलेले पाणी म्हणजे घाण, हे समीकरण पक्के झाले.

पुरवठ्याच्या बाजूस धरणामागून धरण होत गेले. १९६७-६८ च्या कडक दुष्काळाची झळ पोहोचल्यावर मोठ्या धरणाची निकड पटली आणि १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात थॉमसन धरण उभे राहिले. त्याची क्षमता १,०६८ अब्ज लिटर, म्हणजे शहराच्या एकूण साठ्याच्या निम्म्याहून अधिक. आता टंचाई कायमची संपली, असा समज रूढ झाला. आरंभीची शिल्लक भरघोस असली की खर्चाचे पान कोणी उलगडून पाहत नाही. व्यापारी पेढीत हे घडते, तसेच नगरीतही घडले. २०००-०१ साली मेलबर्नमध्ये घरगुती वापर दरडोई दररोज सुमारे २४७ लिटर होता.

१९९६-९७ पासून पाऊस कमी होत गेला. २००६ साली मुख्य धरणांत आलेले पाणी नोंदी ठेवण्यास प्रारंभ झाल्यापासूनचे सर्वांत कमी ठरले; दीर्घकालीन सरासरीच्या तिसऱ्या हिश्शाइतकेही ते नव्हते. २००२ पासून अधूनमधून लागू असलेले निर्बंध आता झपाट्याने वाढले. १ जानेवारी २००७ रोजी तिसरा टप्पा आला. नियमावलीत यानंतर चौथा टप्पा होता आणि त्यात बागेला नळाचे पाणी पूर्णतः बंद होणार होते. रोपवाटिकांच्या चालकांचा त्यास विरोध होता. बागा गेल्या तर धंदा गेला, हे उघड होते. शासनाने मधला मार्ग काढला व १ एप्रिलपासून 'तीन-अ' नावाचा नवाच टप्पा लागू केला. त्यानुसार आठवड्यातील ठरावीक दोन दिवशी, सकाळी सहा ते आठ या वेळात, हातात धरलेल्या व चाप असलेल्या नळीने फुलझाडांना व भाजीपाल्याला पाणी घालण्याची मुभा होती. सत्तर वर्षांवरील वृद्धांना थंडीत पहाटे उठावे लागू नये म्हणून त्यांच्यासाठी आठ ते दहा ही वेळ होती. कायद्याच्या कलमांत अशी कनवाळू ओळ क्वचितच वाचावयास मिळते.

हे सर्व निर्बंध नळाच्या पाण्यावर होते. घरात एकदा वापरलेल्या पाण्याला ते लागू नव्हते. लोकांनी हे नेमके हेरले. तुषारस्नानाच्या वेळी गरम पाणी येईपर्यंत जे थंड पाणी व्यर्थ जाई, ते पायाशी ठेवलेल्या बादलीत जमू लागले. भाजी धुतलेले पाणी कुंड्यांत गेले. धुलाई यंत्राची नळी खिडकीतून बाहेर काढून थेट झाडांच्या मुळाशी सोडण्यात आली. जुन्या पद्धतीचे यंत्र एका धुण्यास शंभर लिटरहून अधिक पाणी घेत असे. तेवढ्यावर एखादे लिंबाचे झाड उन्हाळा काढू शकते. मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळी पोसणाऱ्या आपल्या घरांना यात नवल वाटणार नाही. पण ज्यांच्या आजोबांच्या काळापासून हे पाणी डोळ्यांसमोर येऊ नये अशी व्यवस्था होती, त्यांच्यासाठी ही मोठीच उलटापालट होती. शिवाय दहा लिटरची बादली म्हणजे दहा किलो वजन. साठी-सत्तरीतल्या माणसांनी दिवसातून चार-सहा वेळा पायऱ्या उतरून ते वाहिले, तेही पैसे वाचावेत म्हणून नव्हे, कारण पाण्याचे बिल तेथे फार नसे. स्वतः लावलेले झाड डोळ्यांदेखत वाळू नये, एवढ्यासाठीच हा खटाटोप होता.

आरोग्य खात्याला मात्र जुन्या विषमज्वराचा विसर पडलेला नव्हता. न्हाणी-धुण्याचे पाणी प्रक्रियेशिवाय चोवीस तासांपेक्षा जास्त साठवू नये, स्वयंपाकघरातील खरकटे-तेलकट पाणी घेऊ नये, कच्च्या खाण्याच्या भाजीवर ते शिंपडू नये, अशा सूचना देण्यात आल्या. साबणाच्या चुऱ्यातील सोडियमने माती घट्ट व निकस होते, तर फॉस्फरस बँक्सिया व ग्रेव्हिलिया या देशी झाडांना बाधतो, हेही लोक शिकले. ज्यांनी हे पाळले नाही त्यांनी झाडे वाचवण्याच्या भरात मारली.

टंचाईत शेजारी शेजाऱ्याचा पहारेकरी होतो. हिरवी दिसणारी बाग संशयास्पद ठरू लागली. म्हणून अनेकांनी फाटकावर 'येथे टाकीचे अथवा वापरलेले पाणी घातले जाते' अशा आशयाच्या पाट्या लावल्या. सिडनी शहरात तर २००७ साली बागेला पाणी घालण्यावरून झालेल्या भांडणात एका वृद्धाचा प्राण गेला, आणि तो वृद्ध नियमात राहूनच पाणी घालीत होता! या निर्बंधांच्या यशाचा गौरव करणाऱ्यांनी ही घटना वगळू नये.

डिसेंबर २००८ मध्ये दरडोई दररोज १५५ लिटरचे लक्ष्य जाहीर झाले. जुन्या तोट्या बदलून कमी पाणी सोडणाऱ्या तोट्या विनामूल्य देण्यात आल्या. ७ फेब्रुवारी २००९ रोजी मेलबर्नचे तापमान ४६.४ अंशांवर गेले, त्याच दिवशी वणव्यांनी राज्यात १७३ जणांचा बळी घेतला आणि त्या वर्षीच्या जूनमध्ये धरणसाठा सुमारे २६ टक्क्यांवर आला. तरीही चौथा टप्पा लावावा लागला नाही. २०१०-११ पर्यंत घरगुती वापर दरडोई दीडशे लिटरच्या आत आला होता. त्यात बादलीचा वाटा किती, हे कोणत्याही मीटरला सांगता येण्याजोगे नाही. मीटर फक्त घरात आलेले पाणी मोजतो, तेच पाणी दुसऱ्यांदा कामी आले हे त्याला दिसत नाही.

२०१० साली पाऊस परतला. एप्रिलपासून निर्बंध पायरीपायरीने सैल झाले व डिसेंबर २०१२ मध्ये उठले. दुष्काळाच्या ऐन भरात, २००७ साली, वाँथॅगी येथे समुद्राचे पाणी गोडे करणारा वर्षाला १५० अब्ज लिटर क्षमतेचा प्रकल्प जाहीर झाला होता. अब्जावधी डॉलर खर्चून तोही त्याच डिसेंबरमध्ये पूर्ण झाला, तेव्हा धरणे भरत आलेली होती. त्या प्रकल्पाकडे पाण्याची पहिली मागणी २०१६ साली नोंदवण्यात आली. त्याच वर्षी १५५ लिटरचे लक्ष्य नव्याने जाहीर करावे लागले, कारण वापर पुन्हा १६० च्या आसपास पोहोचला होता. खिडकीतून काढलेल्या नळ्या बहुतेक घरांतून केव्हाच नाहीशा झाल्या होत्या; पावसाच्या पाण्याच्या टाक्या मात्र पुष्कळ अंगणांत तशाच उभ्या राहिल्या.