खानदेशी रंगकामापासून प्रतिपिंड-रंजनापर्यंत : गॅमा-डेल्टा टी पेशींच्या शोधाचा इतिहास

१

विज्ञानाचा इतिहास लिहिताना सिद्धान्तांना अग्रस्थान देण्याची प्रथा आहे. साधनांचा उल्लेख बहुधा तळटीपेत होतो. रोगप्रतिकारशास्त्राच्या बाबतीत मात्र ही प्रथा मोडणे भाग पडते. या शास्त्रात जे रंगले तेच दिसले, आणि जे दिसले त्यालाच नाव मिळाले. रक्तातील गॅमा-डेल्टा टी पेशींचा इतिहास हे याचे ठळक उदाहरण होय. या पेशींचा शोध एका न रंगलेल्या अवशेषातून लागला. पुढे त्यांना स्वतःचा रंग लाभला, आणि ज्या रोगांत त्यांचे कार्य प्रथम तपासले गेले त्यांपैकी कुष्ठरोग हा खानदेशला अपरिचित नाही. या इतिहासाचे एक टोक खानदेशातील रंगाऱ्यांच्या व्यवसायाशीही जाऊन भिडते.

एकोणिसाव्या शतकातील गॅझेटियरांत फैजपूरच्या छापील कापडाचा आणि तेथील निळ्या व तांबड्या रंगकामाचा गौरवाने उल्लेख आढळतो. तांबडा रंग आल नावाच्या झुडपाच्या मुळांच्या सालीतून काढीत. काळ्या जमिनीत लावलेले हे झुडूप सुमारे तीन वर्षांनी खणून काढावयाचे, आणि बारीक मुळ्यांना अधिक मोल द्यावयाचे, अशी रीत होती. नुसत्या सालीच्या काढ्यात बुडविलेल्या कापडावर हा रंग टिकत नसे. कापडावर अगोदर तेलाचे व तुरटीचे संस्कार करावे लागत. तुरटी कापडाला धरी, रंग तुरटीला धरी, आणि मग खारव्याचा तांबडा रंग कितीही धुतला तरी उतरत नसे. रंग आणि वस्तू यांच्यामध्ये दोघांनाही धरणारा तिसरा पदार्थ लागतो, हे ज्ञान रंगाऱ्यांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या होते. प्रतिपिंड-रंजनाचे तत्त्व रासायनिक दृष्ट्या निराळे असले तरी त्याची रचना हीच आहे.

१८६८ साली ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठेतील अलिझरीन हे रंगद्रव्य कोळशाच्या डांबरापासून कृत्रिम रीतीने तयार केले. थोड्याच वर्षांत हे स्वस्त द्रव्य बाजारात आले. त्यापुढे मंजिष्ठेप्रमाणे आल या पिकाचाही निभाव लागला नाही. हिंदुस्थानातील रंगाऱ्यांच्या दृष्टीने ही हानी होती. परंतु ज्या कारखानदारीने त्यांचा व्यवसाय बुडविला, तिनेच वैद्यकशास्त्राच्या हाती नवी दृष्टी दिली, हे या इतिहासाचे दुसरे अंग होय.

२

पाउल एर्लिख याने १८७८ मध्ये लाइपझिग येथे सादर केलेला प्रबंध ऊतींच्या रंजनाविषयी होता. अमुक रंग अमुक पेशीलाच का धरतो, हा त्याचा प्रश्न होता. रंगाच्या रेणूत आणि पेशीतील द्रव्यात काही परस्पर-अनुरूपता असली पाहिजे, असे त्याचे उत्तर होते. १८९० साली बेरिंग व किटासाटो यांनी रक्तरसातील प्रतिविष दाखवून दिले. तेव्हा एर्लिखने तीच कल्पना प्रतिविषाला लावली आणि १८९७ मध्ये आपला पार्श्वशृंखला-सिद्धान्त मांडला. पेशीच्या पृष्ठभागावर ग्राहक असतात आणि ते ठराविक द्रव्यालाच धरतात, हा आजच्या रोगप्रतिकारशास्त्राचा पाया अशा रीतीने रंगशाळेतून आला.

कुष्ठरोगाच्या अभ्यासातही हाच क्रम दिसतो. हान्सेनने १८७३ मध्ये नॉर्वेत कुष्ठरोग्याच्या गाठीतील दंडाकार जंतू प्रथम पाहिले, आणि १८७९ मध्ये नाइसरने ते रंगवून दाखविले. त्यानंतर झील-नील्सन पद्धती रूढ झाली. तीत फुक्सिन या कृत्रिम रंगाने जंतू तांबडे होतात आणि आम्लाने धुतले तरी रंग सोडीत नाहीत. धुतल्यावर टिकतो तोच खरा रंग, ही खारव्याची कसोटी येथे रोगनिदानाची कसोटी झाली. विसाव्या शतकाच्या मध्यास डब्लिन येथे तयार झालेले क्लोफाझिमिन हे कुष्ठरोगावरील औषध तर स्वतःच एक तांबडा रंग आहे. ते घेणाऱ्या रुग्णाची त्वचा तांबूस-काळसर होते.

परंतु या सर्व रंगांना एक मर्यादा होती. जंतू आणि पेशी यांतील भेद ते दाखवीत. दिसण्यात अगदी सारख्या दोन लसीकापेशींतील भेद दाखविण्याचे सामर्थ्य त्यांच्यात नव्हते. त्यासाठी रंगाला निवड करणारा वाहक हवा होता.

३

तो वाहक म्हणजे प्रतिपिंड होय. प्रतिपिंडाला रंग जोडला तर ते जेथे जाऊन बसेल तेथे रंगही जाईल, हा विचार आल्बर्ट कून्स या अमेरिकन वैद्याने अमलात आणला. १९४१ साली त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी न्यूमोकोकस जंतूविरुद्धच्या प्रतिपिंडाला निळे प्रकाशणारे द्रव्य जोडले. परंतु ऊती स्वतःच निळसर प्रकाशत, त्यामुळे खूण आणि पार्श्वभूमी वेगळी ओळखता येईना. म्हणून १९४२ मध्ये हिरवे प्रकाशणारे फ्लुओरेसीन वापरण्यात आले आणि ऊतीतील जंतुद्रव्य स्पष्ट दिसले. हे फ्लुओरेसीन आडॉल्फ फॉन बायर याने १८७१ मध्ये तयार केले होते. १९६६ मध्ये नाकाने व पिअर्स यांनी प्रकाशणाऱ्या द्रव्याऐवजी विकर जोडण्याची रीत दिली. त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही हे रंजन पाहता येऊ लागले.

तरीही प्रतिपिंडे प्राण्यांच्या रक्तरसातून काढावी लागत आणि ती नेहमी संमिश्र असत. ही अडचण क्योलर व मिल्स्टाइन यांनी १९७५ मध्ये केंब्रिज येथे दूर केली. त्यांनी एकाच पेशीच्या वंशातून एकाच प्रकारचे प्रतिपिंड अखंड मिळविण्याची युक्ती शोधली. ही मोनोक्लोनल प्रतिपिंडे होत. त्याच सुमारास स्टॅनफर्ड येथे हर्झेनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी रंगविलेल्या पेशी एकेक करून प्रकाशझोतासमोरून नेणारे आणि रंगानुसार त्यांची निवड करणारे यंत्र विकसित केले. यामुळे रंजन हे केवळ पाहण्याचे साधन न राहता मोजणीचे साधन झाले.

गॅमा-डेल्टा पेशींचा शोध या पार्श्वभूमीवर लागला. टी पेशीचा ग्राहक अल्फा व बीटा या दोन साखळ्यांचा असतो, हे १९८० नंतर स्पष्ट होत होते. १९८४ मध्ये टोनेगावा यांच्या प्रयोगशाळेत अल्फा साखळीचे जनुक शोधताना निराळेच एक जनुक हाती आले. त्यास गॅमा हे नाव मिळाले. नाव होते, परंतु ते वाहणारी पेशी ठाऊक नव्हती. १९८६ मध्ये ब्रेनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती दाखविली. टी पेशीची सामान्य खूण असलेले सीडी३ प्रथिन ज्यांच्यावर रंगत होते, परंतु अल्फा-बीटा ग्राहक ओळखणाऱ्या डब्ल्यूटी३१ या प्रतिपिंडाने ज्या रंगत नव्हत्या, अशा पेशींवर गॅमा साखळी असल्याचे त्यांनी सिद्ध केले. तिची जोडीदार डेल्टा साखळी होती आणि तिचे जनुक १९८७ मध्ये उघड झाले.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, या पेशींची आद्य व्याख्या नकारात्मक होती. ज्या एका रंगाने रंगतात आणि दुसऱ्याने रंगत नाहीत, त्या या पेशी. हस्तलिखितांच्या अभ्यासकांना ही युक्ती परिचित आहे. एखादी ओवी एका शाखेच्या प्रतींत सापडते आणि दुसऱ्या शाखेच्या प्रतींत सापडत नाही, या अभावावरूनच ते शाखाभेद ठरवितात. परंतु अभावाचा पुरावा नेहमी नाजूक असतो, कारण साधन बदलले की अभावाचा अर्थ बदलतो. १९८८ मध्ये दिसून आले की, डब्ल्यूटी३१ हे प्रतिपिंड गॅमा-डेल्टा पेशींशीही क्षीण का होईना संयोग पावते. ज्याला ‘नाही’ म्हटले होते ते वस्तुतः ‘फार थोडे’ होते. सुदैवाने तोपर्यंत डेल्टा साखळीलाच धरणारी प्रतिपिंडे उपलब्ध झाली होती आणि व्याख्या होकारात्मक झाली होती.

दुसरी गोष्ट नावांची. ग्रीक वर्णमालेच्या क्रमाने आलेली ही नावे कार्याविषयी काहीच सांगत नाहीत, केवळ शोधाचा क्रम सांगतात. मानवी रक्तातील बहुसंख्य गॅमा-डेल्टा पेशींच्या ग्राहकातील एकाच गॅमा खंडाला एका गणनापद्धतीत नववा आणि दुसरीत दुसरा म्हणतात. त्यामुळे एकच पेशी दोन नावांनी दोन ग्रंथमालिकांत वावरते. जुने निबंध वाचणाऱ्या विद्यार्थ्याने हा नामभेद प्रथम जुळवून घेतला नाही, तर एकाच पेशीचे दोन इतिहास त्याच्या हातून लिहिले जाण्याचा संभव आहे.

४

निरोगी प्रौढाच्या रक्तात टी पेशींपैकी शेकडा १ ते १० इतक्याच पेशी या जातीच्या असतात. एवढ्या अल्पसंख्य पेशींचे प्रयोजन काय, या प्रश्नाला पहिले वजनदार उत्तर कुष्ठरोगाने पुरविले. १९८९ मध्ये मॉडलिन, ब्लूम, ब्रेनर प्रभृतींनी कुष्ठरोग्यांच्या त्वचेचे गोठवून कापलेले छेद डेल्टा साखळीविरुद्धच्या प्रतिपिंडाने रंगविले. लेप्रोमिन चाचणीच्या जागी आणि प्रत्यावर्ती प्रतिक्रियेच्या चट्ट्यांत गॅमा-डेल्टा पेशींचे प्रमाण टी पेशींच्या सुमारे एक चतुर्थांश ते एक तृतीयांश इतके आढळले. इतर प्रकारच्या चट्ट्यांत ते अत्यल्प होते.

प्रत्यावर्ती प्रतिक्रिया म्हणजे काय, हे खानदेशात कुष्ठरोगाचे काम केलेल्या कोणासही सांगावे लागत नाही. औषधोपचार चालू असताना, कधी तो संपल्यावरही, जुने चट्टे एकाएकी लाल होऊन सुजतात आणि मज्जातंतू ठणकू लागतात. वेळीच स्टेरॉइड दिले नाही तर थोड्याच अवधीत बोटे वाकतात किंवा पाऊल लुळे पडते. येथे शरीराची प्रतिकारशक्ती जागी झालेली असते आणि तीच रुग्णाचा हात घेऊन जाते. मग त्या चट्ट्यात जमलेल्या गॅमा-डेल्टा पेशी जंतूंचा नाश करीत होत्या, की मज्जातंतूंचा? रंजन या प्रश्नाचे उत्तर देत नाही. पेशी तेथे होती एवढेच ते सांगते. उपस्थिती म्हणजे कर्तृत्व नव्हे, हा इतिहाससंशोधनाचा प्राथमिक नियम येथेही लागू पडतो. या पेशींना काय दिसते याचे उत्तर पुढे रसायनाने दिले. जंतू तसेच मानवी पेशी आयसोप्रिनॉइड द्रव्ये तयार करताना जे फॉस्फेटयुक्त लहान रेणू निर्माण करतात, ते रक्तातील बहुसंख्य गॅमा-डेल्टा पेशींना जागृत करतात, हे १९९४ पासूनच्या संशोधनात प्रस्थापित झाले.

महाराष्ट्रात या पेशींचा सातत्याने अभ्यास झाला तो मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संशोधन संस्थेत, डॉ. शुभदा चिपळूणकर यांच्या प्रयोगशाळेत. १९९९ मध्ये या गटाने असे दाखविले की, मुखकर्करोगाच्या पेशींवर आढळणारे एचएसपी-६० हे प्रथिन गॅमा-डेल्टा पेशी ओळखतात. पुढील वर्षी अन्ननलिकेच्या कर्करोगाविषयी तत्सम निष्कर्ष प्रसिद्ध झाले. येथे प्रतिपिंडांचा उपयोग दुहेरी होता. पेशी ओळखण्यासाठी तर ती वापरलीच, शिवाय प्रतिपिंडाने ते प्रथिन झाकले असता पेशींची मारकशक्ती घटते काय, हेही पाहिले. उपस्थितीकडून कर्तृत्वाकडे जाण्याचा मार्ग तो हाच. २००२ मध्ये ही संस्था नवी मुंबईत खारघर येथे गेली. नंतरच्या काळात याच प्रयोगशाळेने पित्ताशयाच्या कर्करोगात काही गॅमा-डेल्टा पेशी अर्बुदाला साहाय्यभूत होत असल्याचे दाखविले. एकाच रंगाने रंगणाऱ्या पेशींत रक्षक आणि घातक दोन्ही असू शकतात, हा त्याचा अर्थ.

५

आता खानदेशाकडे वळावयाचे तर एक विसंगती समोर येते. डिसेंबर २००५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दर दहा हजारांत एकाहून खाली आले आणि तो सार्वजनिक आरोग्याची समस्या राहिला नाही असे जाहीर झाले. तथापि जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत नवे रुग्ण त्यानंतरही आढळत राहिले. जुलै २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली, परंतु तंबाखूजन्य मुखकर्करोग ओसरला नाही. म्हणजे या पेशी ज्या रोगांत अभ्यासावयाच्या ते रोग येथे आहेत. अभ्यासाची साधने मात्र बव्हंशी अन्यत्र राहिली.

यामागे केवळ द्रव्याभाव नाही, एक तांत्रिक कारणही आहे. जिल्ह्याच्या रुग्णालयांत ऊतीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये घालून मेणाच्या ठोकळ्यात जतन करण्याची पद्धत आहे. फॉर्मॅलिनने प्रथिनांचे आकार बदलतात आणि सुरुवातीची डेल्टा-विरोधी प्रतिपिंडे अशा ठोकळ्यांवर काम करीत नसत. त्यांना गोठविलेलीच ऊती लागे, आणि तीसाठी तुकडा काढल्याक्षणापासून अतिशीत साठवण हवी. त्यामुळे रुग्णांची संख्या जेथे मोठी, तेथील संग्रह या संशोधनाच्या दृष्टीने मुका राहिला. मेणातील ऊतीवर चालणारी प्रतिपिंडे पुढे उपलब्ध झाली आहेत. तेव्हा जुने ठोकळे, त्यांवरील क्रमांक आणि त्यांच्या नोंदवह्या यांना आता निराळे मोल आले आहे. पोथी वाचता येत नाही म्हणून जाळावयाची नसते. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाच्या परिसरात हे निराळे सांगण्याची गरज पडू नये.

मात्र असे काम हाती घेणाऱ्याने रंगाऱ्याची कसोटी विसरू नये. प्रत्येक छेदाबरोबर असंबद्ध प्रतिपिंडाने रंगविलेला दुसरा छेद ठेवावयास हवा. ज्यात या पेशी निश्चित असतात आणि ज्यात त्या नसतात अशा दोन्ही ऊती तपासावयास हव्यात, आणि धुतल्यावर जो रंग टिकतो तोच मोजावयास हवा. प्रत्यावर्ती प्रतिक्रियेने हात गमावलेल्या रुग्णाच्या दृष्टीने हा काटेकोरपणा पांडित्याचा विषय नाही. कोणती पेशी आवरावयाची आणि कोणती राखावयाची, हा निर्णय अखेर त्या मोजणीवर अवलंबून राहणार आहे.