रेषेचा मृत्यू आणि होकुसाईचा उपसंहार

जपानी चित्रकार कात्सुशिका होकुसाई (१७६०–१८४९) याने १८३४ साली ‘फुजी पर्वताची शंभर दर्शने’ या चित्रग्रंथाच्या पहिल्या भागाला एक छोटा उपसंहार जोडला. सहाव्या वर्षापासून वस्तूंचे आकार रेखाटण्याचे वेड लागले. परंतु सत्तरीपूर्वीचे काहीही दखल घेण्याजोगे नाही. त्र्याहत्तराव्या वर्षी प्राणी, कीटक, वनस्पती यांची घडण थोडीफार उमगली. शंभरीत काही अलौकिक साधेल आणि एकशे दहाव्या वर्षी प्रत्येक ठिपका, प्रत्येक रेषा सजीव होईल, असा त्याचा आशय. खाली स्वाक्षरी ‘चित्रवेडा म्हातारा’ अशा अर्थाची.

हा मजकूर कलावंताच्या विनम्रतेचा नमुना म्हणून वाचला जातो. हे वाचन भाबडे आहे. एकशे दहा वर्षांचे आयुष्य गृहीत धरणाऱ्याला विनम्र म्हणणे कठीणच. शिवाय या हिशोबात १८१४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेली, त्याला अमाप लोकप्रियता देणारी ‘मांगा’ ही रेखाटनांची पुस्तकेही बाद ठरतात. मराठी समीक्षेतील ‘साधना’ ही संज्ञाही येथे अपुरी पडते. साधनेला सिद्धी अभिप्रेत असते, आणि होकुसाई सिद्धीची तिथी सतत पुढे ढकलतो.

ती का ढकलतो, याचे उत्तर केवळ स्वभावात नव्हे, तर त्याच्या माध्यमात शोधावे लागते. काष्ठमुद्रणात चित्रकाराने पातळ कागदावर केलेले रेखांकन लाकडी ठोकळ्यावर पालथे चिकटवले जाते आणि कोरक्या त्याच्यासकट लाकूड कोरतो. मूळ रेषा त्या क्रियेतच नष्ट होते. वाचकाच्या हाती पडतो तो दुसऱ्याच्या हाताने घडलेला ठसा. होकुसाई पौगंडावस्थेत स्वतःच कोरक्याकडे उमेदवारी करीत होता. दुसऱ्याच्या रेषेचे काय होते हे त्याने सुरीच्या बाजूनेही पाहिले होते. १८३६ च्या सुमारास प्रकाशकाला लिहिलेल्या पत्रात त्याची तक्रार आहे ती नाकाडोळ्यांची: आपण न काढलेली डोळ्याची खालची पापणी कोरक्याने पदरची घालू नये, आणि नाके उतागावा संप्रदायाच्या वळणाची करू नयेत. एगावा तोमेकिची या कोरक्याचा त्याने नावानिशी आग्रह धरला. एका पापणीसाठी पत्र लिहिणाऱ्याच्या लेखी ‘सजीव रेषा’ हे अलंकारिक वचन नसते.

म्हणूनच १८४२–४३ मधील त्याची सिंहचित्रे महत्त्वाची ठरतात. अरिष्टनिवारणाचा नित्यनेम म्हणून ऐंशी उलटलेला हा माणूस रोज एक सिंह काढीत असे. ही चित्रे छपाईसाठी नव्हती; ना प्रकाशक, ना कोरक्या. कुंचल्यातून उतरलेली रेषा तशीच कागदावर राहिली.

याच्या उलट बाजूचा पुरावा अलीकडे हाती आला. एका नियोजित चित्रकोशासाठी होकुसाईने केलेली १०३ लहान रेखांकने २०१९ मध्ये पॅरिसमध्ये पुन्हा उजेडात आली आणि २०२० मध्ये ब्रिटिश म्युझियमने ती संपादन केल्याचे जाहीर केले. ती कोरक्याकडे जाण्यासाठीच काढलेली होती. ग्रंथ कधी छापला गेला नाही, म्हणून ती उरली.