तेलाची वाट

वर्धा जिल्ह्यांतील समुद्रपूर या गांवाच्या नांवांत समुद्र आहे. प्रत्यक्ष समुद्र मात्र तेथून शेंकडों मैल दूर. वाचकांस याची गंमत वाटेल. परंतु आपल्या समुद्रांत तेल सांडलें असतां तें कोणीकडे जाईल हें वर्तविणारें राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रहि हैदराबादेस, म्हणजे समुद्र न दिसणाऱ्या शहरींच आहे. तेलाची वाट किनाऱ्यावर उभें राहून दिसत नाहीं. ती हिशेबानें काढावी लागते.

हा हिशेब नसतां काय होतें, तें १९६७ च्या मार्चांत इंग्लंडनें पाहिलें. सुमारें १,१९,००० टन कच्चें तेल घेऊन येणारें 'टॉरी कॅनियन' जहाज कॉर्नवॉलनजीक खडकावर चढलें. विमानांतून बाँब टाकून तेल जाळण्याचा प्रयत्न झाला. सुमारें १०,००० टन प्रक्षालक द्रव्यें ओतलीं गेलीं, आणि किनाऱ्यावरील जीवांस तेलाहून त्यांचीच बाधा अधिक झाली!

आपल्याकडे १९९६ सालीं राष्ट्रीय योजना ठरली; या कामाचें सूत्र तटरक्षक दलाकडे आहे. पुढें ७ ऑगस्ट २०१० रोजीं मुंबई बंदराच्या तोंडाशीं 'चित्रा' आणि 'खलिजिया' या जहाजांची टक्कर झाली. शेंकडों टन तेल वाहिलें, मालाचे पेटारे समुद्रांत पडले, बंदर कांहीं दिवस बंद राहिलें, आणि तेल तिवरांच्या मुळांपर्यंत पोंचलें.

तेलाचा तवंग पाण्याच्या प्रवाहाबरोबर जातो. शिवाय वाऱ्याच्या वेगाच्या शेंकडा ३ इतक्या गतीनें वारा त्यास ढकलतो. ऑगस्टांत वारा नैर्ऋत्येचा, म्हणजे थेट आपल्या दाराकडे येणारा. नंतरच्या वर्षांत हैदराबादेच्या केंद्रानें निर्णयास साह्य करणारी संगणकीय सोय उभी केली. तेलाची जात, प्रमाण, सांडल्याची जागा व वेळ कळविली कीं पुढील वाट नकाशावर उमटते, आणि कोणत्या खाडीच्या तोंडाशीं तरंगता बांध आधीं घालावा हें ठरवितां येतें. तिवरें आधीं राखावीं कीं बंदर आधीं मोकळें करावें, याचें उत्तर मात्र नकाशांत नसतें. तें माणसांनींच द्यावयाचें, आणि तेंहि घटकाभरांत.

त्या ऑगस्टांत मासळी खाण्याविषयीं सावधगिरीच्या सूचना निघाल्या. नारळी पौर्णिमा टक्करीनंतर अवघ्या १७ दिवसांवर होती. कोळ्यांच्या होड्या त्या दिवशीं नारळ वाहून समुद्रांत निघावयाच्या होत्या.