वेगाचें मोल

श्रोतेहो, राई-भाईंदरच्या खाडीकाठचीं मिठागरें ज्यांनीं पाहिलीं असतील, त्यांना ठाऊक आहे कीं वाफ्यांतलें पाणी उडून जातें, म्हणूनच मीठ हातीं लागतें. तेथें हानि हेंच साधन असतें. अणूंच्या सृष्टींत हानीचा असाच उपयोग करून वेग साधतां येईल काय, या वादाचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

सर्वांत लवकर कसें पोहोंचावें, हा प्रश्न जुना आहे. मणी कोणत्या वाटेनें घसरला असतां सर्वांत लवकर खालीं येईल, असें योहान बर्नूली यानें १६९६ सालीं विद्वानांना विचारिलें होतें. पुंजसिद्धांतांतील तसल्याच प्रश्नाचें उत्तर १९४५ सालीं मँडेलस्टाम व टाम या रशियन शास्त्रज्ञांनीं दिलें. एका अवस्थेंतून सर्वस्वी निराळ्या अवस्थेंत जाण्यास कांहीं किमान काळ लागतोच. ऊर्जेचा विस्तार जितका मोठा, तितका तो काळ लहान. हा नियम हर्मिशियन गणितावर, म्हणजे ज्यांत कांहींच हरवत नाहीं अशा व्यवस्थेवर, उभा आहे.

ती चौकट सोडूनहि ऊर्जेचीं मूल्यें वास्तव राहूं शकतात, असें अमेरिकेंतील कार्ल बेंडर यांनीं बोएटशर यांच्यासह १९९८ सालीं दाखविलें. २००७ सालीं तर बेंडर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असें प्रतिपादिलें कीं, ऊर्जांमधील अंतर तेंच ठेवूनहि हा काळ वाटेल तितका कमी करतां येईल. मग जुनी मर्यादा मोडली काय? पुढच्याच वर्षीं ग्युंटर व सॅमसोनोव्ह यांनीं उलगडा केला: ही त्वरित बदलणारी व्यवस्था एका मोठ्या, जुन्याच नियमानें चालणाऱ्या व्यवस्थेचा अंश मानतां येते.

याचा प्रत्यक्ष पडताळा घेण्याची वाट २०१९ सालीं अधिक मोकळी झाली. बेंडर यांच्याच सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत केटर मर्च व त्यांचे सहकारी यांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांत इंडियानापोलिसचे योगेश जोगळेकर हेहि होते. अतिवाहक मंडलाच्या तीन ऊर्जा-पायऱ्यांपैकीं वरच्या दोन त्यांनीं वापरल्या. ज्या खेपेस अवस्था तळच्या पायरीवर घसरली, ती खेप त्यांनीं वगळली. उरलेल्या खेपांनीं हर्मिशियन नसलेल्या गणिताप्रमाणें वर्तन केलें.

वेगाचें मोल येथेंच दिसतें. पुंजगणकांत अवस्था बिघडण्यापूर्वीं काम उरकावें लागतें, म्हणून हा वेग मोलाचा खरा. पण यशस्वी खेपांचा काळ सांगतांना वगळलेल्या खेपाहि मोजावयास हव्यात. तो हिशेब मांडल्यावांचून जुना नियम मोडला असें म्हणणें शास्त्राला धरून होणार नाहीं.