परीक्षा तशी पोथी: सर्व्हर प्रशासनाच्या स्वाध्यायाचा छोटा इतिहास

मंडळी, आजचा विषय श्रोत्यांकडूनच आलेला आहे. नोकरी सांभाळून, घरी बसून सर्व्हर प्रशासनाची प्रमाणपत्र-परीक्षा द्यायची तर पुस्तक कोणते घ्यावे, व्हिडिओ कोणते बघावेत, प्रश्नसंच विकत घ्यावा की नाही, असे काही तरुण मंडळींनी विचारले. आमचे क्षेत्र तत्त्वज्ञान. तेव्हा अमुक पुस्तक घ्या असे आम्ही सांगणार नाही, आणि सांगितले तरी दोनतीन वर्षांत ते जुने होईल. पण या परीक्षांनाही आता तीन दशकांहून अधिक इतिहास आहे. कोणत्या साहित्याने विद्यार्थ्याचे काय केले हे त्या इतिहासात चांगले दिसते. निवड करायची तर ती तिथून करावी असे आम्हांला वाटते.

बाकीच्या श्रोत्यांसाठी एका वाक्यात सांगतो. कचेरीतल्या सगळ्यांच्या फायली, ईमेल, हिशेब ज्या यंत्रावर राहतात, आणि जे रात्री बंद पडले तर सकाळी कुणालाच काम करता येत नाही, ते यंत्र म्हणजे सर्व्हर. ते सांभाळणारा माणूस म्हणजे प्रशासक, ॲडमिन.

गंमत अशी की या विद्येचे पहिले मोठे साहित्य कुठल्याही परीक्षेसाठी लिहिलेलेच नव्हते. अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवली. तिच्या मॅन्युअलच्या पहिल्या आवृत्तीवर तारीख आहे ३ नोव्हेंबर १९७१. एकेका आज्ञेसाठी एकेक छोटे टिपण: नाव, लिहायची पद्धत, ती काय करते. आणि शेवटी एक सदर, 'बग्ज'. म्हणजे या आज्ञेत आम्हांला माहीत असलेले दोष! ग्रंथकाराने आपल्याच कृतीतली उणीव त्याच पानावर छापायची, हे आम्हां तत्त्वज्ञानवाल्यांना फार भावते. आमच्याकडे ते काम प्रतिपक्षावर सोडलेले असते. असो. पुढे १९८९ मध्ये एव्ही नेमेथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे युनिक्स प्रशासनावरचे जाडजूड हँडबुक आले. नेमेथबाई कोलोराडो विद्यापीठात शिकवत. २०१३ साली न्यूझीलंडहून ऑस्ट्रेलियाकडे निघालेली 'नीना' ही नौका समुद्रात नाहीशी झाली, तिच्यावर त्या होत्या. त्यांच्या पुस्तकाची पाचवी आवृत्ती २०१७ मध्ये निघाली. परीक्षेसाठी न लिहिलेले पुस्तक जवळजवळ तीस वर्षे चालत राहिले, एवढे लक्षात ठेवा.

परीक्षा आल्या त्या नंतर, आणि त्या विद्यापीठांनी आणल्या नाहीत. माल विकणाऱ्यांनी आणल्या. युटा राज्यातल्या नोव्हेल कंपनीचे नेटवेअर कचेऱ्याकचेऱ्यांत गेले, ते चालवायला माणसे हवी होती, म्हणून कंपनीने स्वतःच माणसे तपासून शिक्का द्यायला सुरुवात केली. विक्रेताच परीक्षक, हे जरा विचित्रच. पण विद्यापीठांचा अभ्यासक्रम बदलायला जितका वेळ लागतो तेवढ्यात या सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्या होऊन जातात, हेही खरे. त्याच सुमारास संगणकावर परीक्षा घेणारी केंद्रे निघाली. पैसे भरा, खुर्चीवर बसा, पर्याय निवडा, उठताना निकाल हातात.

या 'पर्याय निवडा'मध्ये पुढचे सगळे महाभारत आहे.

१९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टचे एनटी ४ आले आणि एमसीएसई या चार अक्षरांना मोठा भाव आला. सहा परीक्षा: चार मुख्य, दोन ऐच्छिक. इथे पणाला काय लागले होते ते समजून घ्या. अभियांत्रिकीची पदवी नसलेल्या माणसाला या धंद्यात शिरायला हे दार होते. कला शाखेचा, वाणिज्य शाखेचा, क्वचित कॉलेज अर्धवट सोडलेला माणूस सहा परीक्षा देऊन त्या खोलीत जाऊ शकत होता. असे दार रोज उघडत नाही. म्हणून गर्दी झाली आणि गर्दीमागे बाजार आला. १९९७ मध्ये 'एक्झॅम क्रॅम' नावाची मालिका निघाली. क्रॅम म्हणजे कोंबणे. नावातच प्रामाणिकपणा होता. सराव-परीक्षांची सॉफ्टवेअर विकली जाऊ लागली. आपल्याकडे अप्पा बळवंत चौकात उभे राहिलात तर हा प्रकार ओळखीचा वाटेल. गाईड, अपेक्षित प्रश्न, मागच्या वर्षांचे संच. पाठ्यपुस्तक एक, आणि त्याच्या भोवती गाईडांची थप्पी.

गाईड वाईटच असते असे आम्ही म्हणणार नाही. शंभर गोष्टींतल्या कोणत्या तीस महत्त्वाच्या, हे एकट्याने शिकणाऱ्याला कुणीतरी सांगावेच लागते. कॉलेजात ते प्राध्यापक सांगतो, घरी गाईड सांगते. घोटाळा त्याच्या पुढच्या पायरीवर झाला. परीक्षा देऊन आलेले लोक प्रश्न आठवून लिहून ठेवू लागले, आणि त्यांची विक्री सुरू झाली. याला डंप म्हणतात. परीक्षेला बसण्यापूर्वी गुप्ततेचा करार मान्य करावा लागतो, तो यात सरळ मोडला जातो. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका विक्रेत्याने २००२ मध्ये व्यापारी गुपिते चोरल्याचा गुन्हा कबूल केला. त्या कमाईतून घेतलेली फेरारी सरकारजमा झाली. बघा, पाठांतराच्या धंद्यात फेरारी होती!

आता हे डंप पाठ करणाऱ्यांचे काय झाले? पास झाले. आणि बाजारात 'पेपर एमसीएसई', म्हणजे कागदी एमसीएसई, हा शब्दप्रयोग रूढ झाला. प्रमाणपत्र आहे, पण बॅकअप परत चढवता येत नाही. हानी त्या एकट्याची झाली असती तर गोष्ट वेगळी. पण शब्द एकदा रूढ झाला की खरे शिकलेल्याच्या कागदाकडेही मालक त्याच नजरेने बघतो. पदवी नसलेल्याला जे दार उघडले होते, ते या लोकांनी निम्मे लोटून घेतले. डंपावर आमचा राग आहे तो याचसाठी.

गिल्बर्ट राइल नावाचे ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ होऊन गेले. त्यांच्या १९४९ च्या ग्रंथात एक भेद आहे: अमुक असे आहे हे माहीत असणे, आणि अमुक कसे करायचे हे येणे. दुसरे ज्ञान पहिल्याची बेरीज करून मिळत नाही, असे त्यांचे म्हणणे. पोहण्याचे नियम पाठ आहेत म्हणून कुणी विहिरीत उडी टाकत नाही. बहुपर्यायी प्रश्न पहिल्या प्रकारचे ज्ञान तपासतो, आणि सर्व्हरच्या खोलीत दुसरे लागते. सज्जन विद्यार्थीसुद्धा परीक्षेच्या आकाराप्रमाणे अभ्यास करतो. तो त्याचा दोष नव्हे. म्हणून सुधारणा परीक्षेतच व्हायला हवी होती, आणि ती झाली.

१९९९ मध्ये रेड हॅट या लिनक्स कंपनीने आरएचसीई ही परीक्षा सुरू केली. तिथे प्रत्यक्ष यंत्र समोर ठेवतात. बिघडवलेली व्यवस्था दुरुस्त करा, सर्व्हर बसवा, सेवा चालू करून दाखवा. आरंभी बहुपर्यायी भागही होता, पुढे तो काढला. आणि परीक्षेच्या खोलीत इंटरनेट नसले तरी त्या यंत्रावरची मॅन्युअल उघडायला मुभा असते. म्हणजे १९७१ साली सुरू झालेली ती टिपणांची परंपरा थेट परीक्षेच्या टेबलावर! पाठांतराची किंमत एका रात्रीत उतरली. आता विद्यार्थ्याला हवे होते मोडायला आणि जोडायला यंत्र. त्याच वर्षी व्हीएमवेअरने एका संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक चालवणारे सॉफ्टवेअर बाजारात आणले. त्याआधी घरी लॅब करायची तर जुने दोनतीन संगणक, तारा आणि घरच्यांची सहनशीलता, तिन्ही लागत.

मधल्या काळात आणखी एक धडा मिळाला, तो थोडक्यात सांगतो. विंडोज २००० आले तेव्हा मायक्रोसॉफ्टने जुनी प्रमाणपत्रे २००१ अखेर बाद होतील असे जाहीर केले. जुन्या पात्र लोकांसाठी ७०-२४० नावाची परीक्षा ठेवली: चार परीक्षांचा ऐवज एका बैठकीत, फुकट, पण संधी एकदाच. मग शेवटी शेवटी प्रमाणपत्रे बाद करण्याचा निर्णय मागे घेतला. ३१ जानेवारी २०२१ ला तर एमसीएसई परीक्षाच बंद झाल्या. विक्रेत्याच्या परीक्षेत हे चालायचेच.

तर मग निवडायचे कसे? सगळ्यांत आधी पुस्तक घेऊ नका. परीक्षा घेणारी संस्था आपल्या संकेतस्थळावर विषयांची यादी फुकट देते, ती छापून घ्या. लिनक्सच्या एलपीआयसी परीक्षांच्या यादीत तर प्रत्येक मुद्द्याला वजन दिलेले असते, कुठे किती प्रश्न याचा अंदाज येतो. मग परीक्षेचा क्रमांक आणि आवृत्ती बघा. ही गोष्ट क्षुल्लक नाही. आरएचसीई हेच नाव घ्या. लिनक्सच्या आठव्या आवृत्तीपासून, २०१९ पासून, ती परीक्षा अ‍ॅन्सिबल या स्वयंचलनाच्या साधनाभोवती फिरते. नाव तेच, पोथी निराळी. रद्दीच्या दुकानात स्वस्तात मिळालेले सातव्या आवृत्तीचे पुस्तक उत्तम असेल, पण ते दुसऱ्याच परीक्षेचे आहे.

यादी हातात आली की लॅब. पैसे खर्च करायचे तर ते संगणकाची मेमरी वाढवण्यावर करावेत, चौथ्या व्हिडिओ-मालिकेवर नव्हे. व्हर्च्युअलबॉक्स फुकट आहे. विंडोज सर्व्हर १८० दिवस चाचणीसाठी मिळतो. रॉकी किंवा अल्मा लिनक्स रेड हॅटशी मिळतीजुळती आहे, आणि रेड हॅटसुद्धा स्वतः शिकणाऱ्याला विनामूल्य खाते देते. पुस्तक एकच घ्या, ज्यात प्रत्येक प्रकरणाला करून बघायचे काम आहे असे. ते अडले की मूळ मॅन्युअल उघडा. इंग्रजीची भीती वाटत असेल तर तिथेच जाते, कारण त्या टिपणांतली वाक्ये छोटी आणि शब्द तेच ते. सराव-प्रश्न शेवटच्या दोन आठवड्यांत, आणि उत्तर बरोबर आले तरी बाकीचे तीन पर्याय का चूक हे स्वतःला सांगता आले पाहिजे. 'हुबेहूब हेच प्रश्न येतील' असे म्हणणारा विक्रेता दिसला की समजा, ते डंप आहे. पकडले गेलात तर प्रमाणपत्र रद्द होते, हा भाग वेगळाच.

ऑगस्ट २०२३ पासून मायक्रोसॉफ्टनेही आपल्या पदनिहाय परीक्षांत स्वतःची तांत्रिक कागदपत्रे उघडायला परवानगी दिली आहे. घड्याळ मात्र थांबत नाही. कागदपत्रांत नेमके कुठे शोधायचे हे ज्याला आधीपासून माहीत आहे, त्यालाच त्या परवानगीचा उपयोग. म्हणून घरी सराव करताना मॅन्युअल उघडाल तेव्हाही शेजारी घड्याळ ठेवा. आता प्रश्न घेऊ या.