बैलाच्या आडून

चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरियातून हिवाळ्यातल्या पहाटे निघालं, की शेडचे पत्रे आणि ट्रकांच्या रांगा धुक्यात मागे पडतात आणि थोड्याच वेळात सुखना तलाव येतो. रेग्युलेटरच्या बाजूला चार-पाच जण ट्रायपॉडवर लांबलचक लेन्स रोखून उभे असतात. समोर चांदवे, थापट्या, तलवार बदकं. "आज शूट कैसा रहा?" "एक भी शॉट नहीं मिला." डोळे मिटून ऐकलं तर ही मंडळी बदकं मारायलाच आली आहेत असं वाटावं. आणि तसं वाटण्यात फारशी चूक नाही. पाणपक्ष्यांच्या फोटोग्राफीचं कूळ खरोखरच बंदुकीचं आहे.

'स्नॅपशॉट' घ्या. नीट नेम धरायला सवड नसताना झटकन झाडलेली गोळी, हा त्याचा मूळ अर्थ. कर्नल पीटर हॉकर नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी दलदलीतल्या बदकांच्या शिकारीचा शौकीन होता. त्याच्या १८०८ सालच्या रोजनिशीत हा शब्द त्याच अर्थाने येतो. पुढे १८६० मध्ये खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेलने तो उचलला. सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात छायाचित्र निघालं तर काय बहार होईल, असं तो लिहीत होता, आणि त्या वेगाला उपमा मिळाली ती बंदुकीची.

शब्दामागोमाग यंत्रही आलं. १८८२ मध्ये एतियेन-ज्युल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने चक्क बंदूक बनवली. खांद्याला दस्ता, नळीत भिंग, चापाशी फिरती तबकडी. चाप ओढला की सेकंदाला बारा छायाचित्रं. उडत्या पक्ष्याचा पंख वर-खाली कसा होतो हे त्याला पाहायचं होतं. सुखनाकाठी शटरचा जो कडकडाट ऐकू येतो, त्याचा पणजोबा हा.

तळ्यांचीही वंशावळ बघावी. सुखना तर नैसर्गिक नाहीच; शिवालिकच्या पायथ्याशी फक्त पावसाळ्यात वाहणारा एक 'चो', म्हणजे ओढा, १९५८ मध्ये बांध घालून अडवला आणि नव्या शहराला तलाव मिळाला. भरतपूरची कथा अधिक रोकडी आहे. तिथली दलदल संस्थानिकांनी बांध-पाटांनी पाणी खेळवून वाढवली, ती बदकांच्या शिकारीसाठी. १९३८ च्या नोव्हेंबरात व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. हा आकडा तिथे शिळेवर कोरलेला आहे. आज त्याच बांधांवरून लोक लेन्स रोखत चालतात. राष्ट्रीय उद्यान झालं, जागतिक वारसा झाला, पण उभं राहायच्या जागा शिकाऱ्यांनी ठरवलेल्याच राहिल्या.

मला यातली सर्वांत रंजक गोष्ट वाटते ती लपणाची. इंग्लंडात रिचर्ड आणि चेरी हे कीर्टन बंधू पक्ष्यांचे फोटो घेण्याच्या वेडापायी काय वाटेल ते करत. १९०० च्या सुमारास त्यांनी पोकळ बैल तयार केला. सांगाड्यावर खरं कातडं, आत माणूस, कॅमेऱ्यापुरतं भोक. कुरणातल्या बैलाला पक्षी बुजत नाहीत, एवढंच त्यामागचं गणित. एकदा हा बैल आतल्या माणसासकट कलंडला आणि चारी पाय आभाळाकडे. त्याचाही फोटो आहे!

या बैलाचं इंग्लंडात कौतुक झालं. आपल्याकडे मात्र असा बैल केव्हापासून चरतच होता, आणि तोही जिवंत. गायपारधी हे नावच त्यावरून पडलेलं. शिकवलेलं जनावर सावकाश चरत पुढे सरकायचं, त्याच्या बगलेला वाकून पारधी चालायचा, आणि काळवीट किंवा तित्तर बेसावध असताना फास लागायचा. युक्ती तीच, गणितही तेच. फरक असा, की एकाला निसर्गछायाचित्रणाचा आद्य कलावंत म्हटलं गेलं, तर दुसऱ्याच्या जमातीला ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. लपणाच्या इतिहासात पारध्याचं नाव मी तरी कुठे वाचलेलं नाही.

वनखात्याची लपणगृहं आता सगळीकडे आहेत, नांदूर मधमेश्वरलाही. पण कातडं, कापड, कुडाच्या भिंती यांपेक्षा चांगलं लपण पाहायचं तर भिगवणला जावं. उजनीचं धरण १९८० मध्ये झालं, भीमेचं पाणी मागे पसरलं, उथळ काठांवर चिखल साठला आणि रोहित पक्षी उतरू लागले. पाण्यावर होड्या होत्या त्या जाळी टाकणाऱ्यांच्या. रोहितांना, पट्टकादंबांना त्या रोजच्या. कीर्टनच्या कुरणात जसा बैल, तशी इथे होडी. म्हणून त्याच होडीत आडवं पडून, कॅमेरा काठावर टेकवून, लोक पाण्याच्या पातळीवरून फोटो घेतात. हॉकरही बदकांवर असाच चपट्या होडीत पालथा पडून चालून जायचा, फक्त पुढे तोफेएवढी बंदूक असायची.

भाषेचा हिशेब तेवढा वेगळा निघतो. मराठीत फोटो 'काढतात', चित्र काढावं तसा. हिंदीत तो 'खींचते हैं', रेघ ओढावी तसा. आपल्या बोलीने कॅमेऱ्याचं नातं चितारणाऱ्याशी जोडलं होतं. 'शूट' आणि 'शॉट' आपण मागाहून आणले, लांब लेन्सबरोबर. भिगवणला नावाडी बांबू चिखलात रोवतो, होडी थांबते. गुलाबी थवा माना खाली घालून चरत असतो. होडीतले तिघे शूटची सेटिंग्ज कुजबुजत असतात. नावाडी मागून हळूच म्हणतो, "काढा आता."