ऐकू येते, पण बोलता येत नाही

सातपुड्याच्या दक्षिण उतारावरील पांढुर्णा व सौंसर ही मराठी बोलणारी गावे दोन निरनिराळ्या लोहमार्गांवर वसली आहेत. पांढुर्णा नागपूर-इटारसी मार्गावर, तर सौंसर नागपूर-छिंदवाडा मार्गावर. सौंसरची अरुंदमापी गाडी २०१५ साली थांबली व पुढे तेथे रुंद रूळ आले. २०२३ साली हे दोन्ही तालुके मिळून पांढुर्णा जिल्हा झाला.

रुळांच्या कडेने तारायंत्राचे खांब असावयाचे, ही देशभराची रीत होती. एकेरी मार्गावर पुढील स्थानकाची संमती आल्यावाचून गाडी सोडता येत नसे. संदेश ऐकू यावा, पण उत्तर पोहोचू नये, ह्या बिघाडाचा अर्थ उभी राहिलेली गाडी असा होता.

तारायंत्रात एका तारेतून एकामागून एक खुणा जात आणि परतीचा प्रवाह जमिनीतून येई. विल्यम ओ'शॉनेसी यांनी १८३९ साली कलकत्त्याजवळच्या प्रयोगात हुगळीचे पाणीच ह्या कामी लावले होते. दोष शोधताना तारमास्तर मधल्या स्थानकास तार जमिनीला जोडावयास सांगत. तेथपर्यंत प्रवाह खेळला, की दोष त्यापलीकडे ठरे.

भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये संपली. परंतु २०१२ साली ब्रिटनमध्ये विक्रीस आलेल्या रास्पबेरी पायसारख्या एका पट्टीवरील संगणकात तिचीच रीत जिवंत आहे. पडदा वा कळफलक नसला, तरी तीन तारांवरून त्याच्याशी बोलता येते: एक पाठविण्याची, एक घेण्याची व एक सामाईक जमिनीची. वेगाच्या 'बॉड' ह्या एककास फ्रेंच तारतज्ज्ञ एमिल बोदो यांचेच नाव आहे.

येथेही जुना बिघाड भेटतो. संगणकाची अक्षरे दिसतात, पण टंकलेली कळ त्यास पोहोचत नाही. अक्षरे स्वच्छ दिसत असतील, तर वेग व जमीन ठीक आहेत. दोष केवळ एका दिशेचा. प्रथम जोडयंत्र संगणकापासून सोडवावे आणि त्याचीच पाठविण्याची व घेण्याची टोके एकत्र जोडावीत. आज्ञावलीतील स्वतःच अक्षर उमटविण्याची सोय आधी बंद करावी, नाहीतर फसगत होते. टंकलेले अक्षर परत आले, तर जोडयंत्र निर्दोष. मग त्याची पाठविण्याची तार संगणकाच्या घेण्याच्या टोकासच लागली आहे ना, हे पाहावे. तारा योग्य असूनही अक्षर जात नसेल, तर आज्ञावली प्रवाहनियंत्रणाच्या, न जोडलेल्या तारेवरील अनुमतीची वाट पाहत असण्याचा संभव असतो. ते नियंत्रण बंद करावे. त्यानेही भागले नाही, तर संगणकात त्या तारेवर ऐकणारी आज्ञावली चालू आहे काय, हे तपासावे. मात्र रास्पबेरी पायची ही टोके ३.३ व्होल्टची आहेत. जुन्या पद्धतीचा अधिक दाब लाविल्यास ती जळतात.

साधने बदलली, पण मार्गाचे तुकडे करून दोष एकेका तुकड्यात कोंडावयाचा, ही तारमास्तरांची शिस्त बदललेली नाही. यंत्र मुके झाले असे म्हणण्यापूर्वी, आपला शब्द कोठवर पोहोचला हे विचारणे, हाच तिचा सारांश होय.